घर चालू आहे

अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात ‘घर’ म्हणजे राहतं घर नव्हे. भट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वीज बाहेरच्या तारांच्या जाळ्यात जाते. त्यातली थोडी केंद्र स्वतःच्या पंपांसाठी ठेवतं. त्या थोडक्या विजेला ही मंडळी ‘घर’ म्हणत. हे नाव कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, देव जाणे.

पाळीप्रमुखाची म्हातारी आई घरी प्राणवायूच्या यंत्रावर होती. धाप लागली तरी जीभ तिखटच. “आमच्या चिरंजीवांनी खरोखरचे दिवे लावले हो,” असं येईल त्याला सांगायची.

त्या दुपारी दूरची एक मोठी वीजवाहिनी तुटली आणि सगळं जाळं डगमगलं. पाळीप्रमुखाने केंद्र जाळ्यापासून तोडलं. शहराची वीज गेली, पण केंद्राचे पंप फिरत राहिले. ते थांबले तर भट्टी थंड कोण ठेवणार? तिथे हयगय म्हणजे सगळंच मुसळ केरात. मग फोन सुरू झाले. साहेब, जाळ्याचे नियंत्रक, पुन्हा साहेब. सगळ्यांचा एकच घोशा: घर चालू आहे का, भार हलवायचा का? पुढचा फोन त्याने मानेत धरला, डोळे काट्यांवर. पलीकडचं बोलणं त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“घर चालू आहे. काही हलवू नका,” म्हणाला आणि ठेवून दिला.

जाळं सावरलं तसं त्याने केंद्र अलगद पुन्हा जोडलं. शहरात वीज आली. साहेबांनी पाठ थोपटली आणि त्यालाही, खोटं कशाला बोला, स्वतःचा अभिमान वाटला.

तो घरी पोचला तेव्हा यंत्र घरघरत होतं; वीज येताच आपोआप सुरू झालेलं. नळी उशीवर पडली होती. आई गेली होती.

बायको पलंगाच्या पायाशी बसली होती. “यंत्राची बॅटरी संपत आली म्हणून फोन केला,” ती म्हणाली. “शेजाऱ्यांची गाडी दारात उभी होती. विचारलं, आईंना दवाखान्यात हलवू का? तर म्हणालात, काही हलवू नका.”

‘घर’ म्हणजे काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं.

“तरी मी नेते म्हटलं,” ती म्हणाली. “त्याच नको म्हणाल्या. विजेतलं त्याला कळतं, म्हणाल्या. तो सांगतोय ना, मग वीज येईल.”