काचेवरची शाई

कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. औषधाच्या काचेच्या बाटल्यांवर छापायची शाई तिथे तयार होई. बाटली कितीही उकळा, अक्षर जागचं हलायचं नाही. निम्मं आयुष्य घालवून तिच्या नवऱ्याने ती शाई शोधली होती. तो गेला आणि कारभार वहिनीवर पडला. शाई घोटणं, भट्टी बघणं धाकट्या दिराकडे आलं. पुढे त्याला परदेशातल्या एका कंपनीत नोकरी लागली, तेव्हा वहिनीनेच त्याची बॅग भरून दिली.

वर्ष सरतं न सरतं तोच जुनी गिऱ्हाइकं गळू लागली. तशीच शाई परदेशातून येत होती, तीही स्वस्तात. वहिनीने त्यातला एक डबा मिळवला आणि भट्टीत नमुना भाजून पाहिला. आपल्याच शाईचा कडवट वास आला, आणि कृती कुणी नेली ते तिला कळलं.

इथल्या कोर्टाचे हात त्या कंपनीपर्यंत पोचत नव्हते, म्हणून दावा तिकडेच लावावा लागला. वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की गुपित जपायला तुम्ही काय केलंत हे तिथलं कोर्ट विचारणार. करार, कुलूप, निदान ताकीद तरी हवी. करार नव्हता. कुलूप कधी लावलंच नव्हतं. ताकीद मात्र दिली होती. शेवटच्या आजारात नवऱ्याने धाकट्याला जवळ बसवून बजावलं होतं, की ही कृती घराबाहेर जाता कामा नये. त्या वेळी खोलीत तिसरं माणूस होतं ते म्हणजे सासूबाई.

साक्ष द्याल का, असं वहिनीने त्यांना विचारलं. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, येते मी.

साक्ष वकीलबाईंच्या ऑफिसातून पडद्यावर झाली. पलीकडच्या कोर्टात एका कडेला धाकटा बसला होता. तो वाळला होता आणि मान वर करत नव्हता. सासूबाईंची नजर त्याच्यावरून हलेना. थोरल्याने ताकीद दिली होती का, असं दुभाष्याने दोनदा विचारलं.

"मला तसं काही आठवत नाही," त्या म्हणाल्या.

दावा तिथेच संपला.

जिना उतरताना वहिनीने त्यांचा हात धरला नाही. सासूबाई मधल्या पायरीवर थांबल्या.

"एक तर गेलाच," त्या म्हणाल्या. "उरलेल्याला मीच चोर ठरवू?"

"आणि मी कोण होते, आई?"

 कठड्याचा आधार घेत सासूबाई एकट्याच खाली उतरल्या.

कारखाना बंद झाला. भट्टी भंगारात गेली, माणसं मिळेल त्या कामाला लागली. धाकट्याने आईला फोन केला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दोघी अजून एकाच घरात राहतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना वहिनीच तेल चोळते. चोळताना दोघी भिंतीकडे बघत असतात.