खुडूक कोंबडी आणि जावईबापू

शेजारच्या हादोंगवालीच्या लाल कोंबडीखाली माझीही अंडी होती. म्हणून तिचा जावई बांधाच्या वाटेनं येताना दिसला तेव्हा तिच्या आधी मीच कोंबडीकडं बघितलं.

आमच्या आळीत कोंबड्या पुष्कळ, पण धड खुडूक बसून अंडी उबवणारी ती एकच. बाकीच्या सगळ्या शहरातून आणलेल्या पांढऱ्या नटव्या. अंडं टाकलं की चालल्या उकिरड्यावर, मागं वळून बघायच्या नाहीत. ही लाल मात्र ओसरीच्या वळचणीला टांगलेल्या पेंढ्याच्या टोपलीत एकदा बसली की जग बुडालं तरी हलायची नाही. हादोंगवाली रोज सकाळी तिला उचलून खाली घ्यायची, राळे-पाणी द्यायची, राखेत लोळू द्यायची आणि अंडी गार व्हायच्या आत परत वर चढवायची. परवाच तिनं आम्हा बायकांसमोर एकेक अंडं कोमट पाण्यात सोडून बघितलं. आतलं पिल्लू हललं की अंडं पाण्यात डुलतं. एक सोडून सगळी डुलली. पिल्लं अगदी आज-उद्यावर आली होती.

आणि नेमका हा जावई, प्यो, उगवला. डोक्यावर टोपी, पायात चकचकीत बूट आणि दोन्ही हात रिकामे. मागून हादोंगवालीची लेक ओक्बुन डोक्यावर गाठोडं घेऊन येत होती. लग्न झाल्यापासून हा माणूस चांगल्या नोकरीच्या शोधात आहे, आणि नोकरी बिचारी अजून त्याच्या शोधात निघालेली नाही. बुसानच्या धक्क्यावर शेवयांचा गाडा ओक्बुन चालवते. हे महाशय गाड्याच्या मागं बसून पत्ते कुटतात आणि आल्यागेल्याला आपण मालक असल्याचं सांगतात. पोरीचे हात खरकट्या पाण्यात राहून राहून चिरले होते. माहेरच्या अंगणातसुद्धा तिनं ते बाह्यांत लपवले. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

आमच्याकडं जावई आला की सासूनं कोंबडी कापायची. तीही साधीसुधी नाही, पैदाशीची, घरातली सगळ्यात चांगली. का, तर त्यानं लेकीला नीट वागवावं. ज्यानं ही रीत काढली त्याला मुली नसाव्यात. प्योनं लग्नानंतर एक खाल्ली, पुढच्या खेपेला दुसरी खाल्ली. खेपेगणिक तो फुगत गेला आणि ओक्बुन वाळत गेली.

ओसरीवर टेकल्या टेकल्या त्यानं वळचणीकडं बघून घसा खाकरला. त्याची नजर कुठं आहे ते हादोंगवालीला कळलं.

"कोंबडा हाय, जावईबापू. चांगला माजलाय," ती म्हणाली.

"कोंबडा चिवट लागतो, सासूबाई," प्यो म्हणाला. "मला काय, मुळ्याचं लोणचं आन् भातबी चालंल. पर लोक इचारत्यात, सासूनं काय घातलं? मग तुमचीच अब्रू जाती."

आमच्या गावची अब्रू अशी कोंबडीच्या मानेवर बसलेली. हादोंगवालीनं हात वर करून टोपलीतल्या लालीला उचललं. मी गडगा ओलांडून धावतच तिच्या अंगणात गेले.

"डोस्कं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं. "अंड्यातनं आवाज याय लागलाय. ह्या ऐतखाऊसाठी एवढी पिल्लं मारतीस?"

"पानी तापव," एवढंच ती म्हणाली.

मी तिला नाही नाही ते बोलले. भित्री म्हटलं, जावयाची मोलकरीण म्हटलं. तिनं कोंबडी कापली, आणि शेवटी पिसं उपटायलाही मीच बसले. तोवर तिनं सगळी अंडी कापसात गुंडाळून आत नेली. चुलीची धग आमच्या जमिनीखालून फिरते, आणि चुलीकडचा कोपरा सगळ्यात उबदार असतो. तो मान असतो वडीलधाऱ्यांचा नाहीतर पाहुण्याचा. तिथं प्यो आडवा पसरला होता.

"सरा जरा," हादोंगवाली म्हणाली आणि त्याच्या जागी अंडी ठेवून वर गोधडी घातली. जावईबापू दारापाशी वाऱ्यात जाऊन बसले. सासूची चेष्टा समजून ते हसलेसुद्धा.

जेवायच्या वेळी तिनं कोंबडी अख्खीच पातेल्यातून काढली. दोन्ही तंगड्या तोडल्या आणि ओक्बुनच्या वाडग्यात घातल्या. छातीचं मांसही तिलाच वाढलं. प्योपुढं रस्सा ठेवला. त्यात लसणाची एक पाकळी तरंगत होती.

तो म्हणाला, "सासूबाई, वाडगी बदलली वाटतं."

"न्हाई बदलली. जावयाला कोंबडी घालायची ती लेकीला जपावं म्हनून. तुमाला दोन घातल्या, गुण आला न्हाई. आता जिला औषद पायजे तिलाच देती. खा गं."

प्योनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या भातात तोंड खुपसलं, कारण हसू आवरत नव्हतं. अंगणात मी तिला जे जे बोलले होते ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं. ओक्बुननं आधी आईकडं बघितलं, मग बाह्या मागं सारल्या आणि त्या चिरलेल्या हातांत तंगडी धरून खायला लागली. किती दिवसांनी कुणी तिच्यापुढं गरम वाढलेलं ठेवलं होतं कोण जाणे.

प्यो उठून बूट घालायला लागला. "चल, ऊठ. शेवटची गाडी जाईल."

तेवढ्यात गोधडीखालून चिवचिव आली. ओक्बुननं हाड चोखून बाजूला ठेवलं, हात पुसले आणि कापूस उचलून बघितलं. एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून चोच दिसत होती.

"म्या न्हाई येत," ती म्हणाली. "पिल्लं निघाय लागल्यात."

"तुझी आई हाय की बघाय."

"आईला शेत हाय. ह्यास्नी पंखाखाली घेनारी तुमीच कापाय लावलीसा. आता मलाच बसाय पायजे ह्यांच्यापाशी."

"आन् गाडा कोन चालवनार?"

ओक्बुन अंड्यावरची नजर न उचलता बोलली, "पाटंची भांडी गार पान्यानं घासाय लागत्यात. हात चिरलं की तिळाचं त्याल लावा, जरा बरं वाटतं."

तो दारात उभा राहून आमच्या तिघींची तोंडं बघत होता. त्याला जा असं कुणी म्हटलं नाही, की राहा असंही म्हटलं नाही. शेवटी हादोंगवालीनं त्याला दार नीट लावून घ्यायला सांगितलं, पिल्लांना वारं लागत होतं.