बोलणी खाण्याएवढा उजेड

आमच्या गल्लीत मला तोफ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण म्हणतात, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. जिचा नवरा जन्मभर धबधब्यांचे काळे-पांढरे फोटो काढत हिंडतो, त्या बाईने गप्प बसून काय मिळवायचं?

आमचे हे तसे गरीब गाय. ओळखपत्रांचे फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, यावर आमचं घर चाललं. पण सुट्टी आली की कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर आणि स्वारी पाण्याच्या मागे. रंगीत काढा की जरा, असं म्हटलं तर म्हणायचे, रंगात माणूस झाडं बघतो, आकाश बघतो, पाणी बघायचं राहूनच जातं. बाथरूमच्या दोरीवर कपड्यांच्या जागी फिल्मा वाळत असायच्या आणि मी ओला टॉवेल हातात घेऊन दारात उभी असायची.

वाहत्या पाण्याचा असा फोटो काढायचा तर उजेड कमी यावा म्हणून भिंगापुढे काळी काच लावतात आणि शटर बराच वेळ उघडं ठेवतात. दगड जागच्या जागी राहतात, पाणी मात्र सायीसारखं मऊ होऊन उतरतं. किती वेळ उघडं ठेवायचं, तिथेच सगळी मेख. लग्नानंतर पहिल्यांदा मला घेऊन गेले, तेव्हा यांचं घड्याळ डोहात पडलं आणि ते धरायला गेले तर धक्का लागून आमचा डबाही त्याच्या मागोमाग गेला. तरी यांनी बटण दाबून फोटो चालू केलाच. मी उपाशी, चपला ओल्या, डोकं तापलेलं. यांच्या पाठीमागे उभी राहून मी असं काही तोंड सोडलं की विचारू नका. माझं संपलं तेव्हा यांनी शटर मिटलं. तो फोटो इतका सुरेख आला की यांनी पुन्हा घड्याळ घेतलंच नाही.

तेव्हापासून हीच पद्धत पडली. हे पाण्याकडे तोंड करून बटण दाबणार आणि म्हणणार, "हं, चालू कर." की मी चालू. आधी चपला, मग डबा, मग माझ्या भावाच्या लग्नातून गायब होऊन हे धरणाच्या सांडव्यावर कसे सापडले ते, आणि शेवटी माझंच मेलीचं नशीब. राग केव्हाच विरला होता, पण शब्द तेच, चालही तीच. आभाळ भरलेलं असलं की पूर्ण बोलणी, ऊन असलं तर भावाच्या लग्नापर्यंतच. इतकी अचूक वेळ कशी साधता, असं लोक विचारायचे. हे म्हणायचे, त्यासाठी बोलणी खावी लागतात.

मग माझा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. बोलता येणार नाही, श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यायचा. बाई चांगली होती, माझा हात धरून बोलली. पण मला त्यातलं एकच ऐकू आलं. माझं सगळं काही घ्या हो, पण तेवढं तोंड ठेवा, असं मला म्हणायचं होतं आणि तेही मला धड म्हणता आलं नाही.

लेक धावत आली. फोन पुढे धरून म्हणाली, आई, काहीतरी बोलून ठेव. मी फोनकडे बघत बसले. यंत्राला काय बोलू मी? त्याने माझं काय वाकडं केलंय? हे बाजूला बसून तिपाईच्या सांध्यांना तेल देत होते. रात्री जेवताना म्हणाले, ऑपरेशनच्या आधी एकदा धबधब्यावर जाऊन येऊ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथे माझ्या गळ्यावर सुरी फिरणार आणि यांना धबधबा सुचतोय. पण गेले. न जाऊन सांगते कुणाला.

आवाजाची तोवर चाळणी झालेली. पाणी धो धो कोसळत होतं, म्हणून मी अगदी यांच्या कानामागे उभी राहिले. यांनी बटण दाबलं. "हं, चालू कर." मी चपलांपासून सुरुवात केली आणि चपलांवरच अडले. पुढचं भलतंच तोंडातून यायला लागलं. म्हटलं, "अहो, मला भीती वाटते. मी बोलले नाही तर मी घरात आहे हे तुम्हाला कळणार कसं? तुम्ही तर कधी मागे वळून बघत नाही." आणखीही बरंच बोलले. यांच्याबरोबर उन्हातान्हात, दगडाधोंड्यांत उभी राहिले ते मला आवडत होतं, हेसुद्धा बोलले, जे कधी सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. मग थांबले. हे हलले नाहीत. पाठ तशीच, बोट बटणावर तसंच, आणि शटर उघडंच.

ती फिल्म वाया गेली. नको तितका उजेड खाऊन काळी ठिक्कर पडली. इतक्या वर्षांत यांच्या हातून असं झालं नव्हतं. दोरीवरून काढताना म्हणाले, माझं चुकलं, मला मिटवेना. एवढंच. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन झालं.

घर शांत म्हणजे किती शांत व्हावं. लेकीने लिहायला पाटी आणून दिली. पण पाटीवर लिहून कुणावर ओरडता येतं का? "सांडव्यावर" लिहून होईपर्यंत राग निवतो आणि समोरचा चष्मा शोधत असतो. मी भांडी आपटून बघितली. हे नुसते "अगं, हळू" म्हणायचे. दुकान चालू होतं, पण कॅमेऱ्याची बॅग कपाटावर चढली ती चढलीच. एकदा लेकीने दिलेलं नवं घड्याळ घेऊन एकटे गेले खरे, पण संध्याकाळी फिल्म जशी नेली तशी कोरी परत आली. पाटीवर लिहून विचारलं तर म्हणाले, नाही जमत आता, वयही झालं. आणि जेवायला न बसता झोपले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज माझा गेला, तो गेला. पण त्याच्यापायी यांचं पाणी जायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढून बॅग खाली काढली, पुसली आणि यांच्या खांद्याला अडकवली. हे नको नको म्हणत होते. मी डोळे वटारले. तेवढे अजून शाबूत आहेत.

तिथे पोचल्यावर नवीनच अडचण. गळ्याच्या छिद्रात पाणी जाता कामा नये, त्यामुळे तुषारांच्या जवळ जायची मला मनाई. गळ्याला जाळीचा रुमाल बांधून मी पार मागे कोरड्या खडकावर बसले. यांनी तिपाई लावली, काळी काच बसवली आणि खिशातून घड्याळ काढलं. मी उठून गेले, घड्याळ हातातून घेतलं, माझ्या पर्समध्ये टाकलं आणि परत खडकावर येऊन बसले. हे बघतच राहिले. आता करायचं काय, हे त्यांना कळेना.

मग कळलं. यांनी बटणाची लांब वायर हातात घेतली, दाबलं, आणि पाण्याकडे पाठ करून माझ्याकडे वळले. "हं, चालू कर."

मी चालू केलं. नुसत्या ओठांनी. चपला झाल्या, डबा झाला. यांना सगळं पाठ, माझ्याबरोबर यांचेही ओठ हलत होते. सांडव्यावर आलो तेव्हा हसले. बोलताना मी हातवारे करते, ते यांना बहुतेक पहिल्यांदाच कळलं असावं, कारण भुवया वर गेल्या. माझंच मेलीचं नशीब म्हणताना मी कपाळाला हात लावला आणि थांबले. यांनी बरोबर तिथेच शटर मिटलं.

फोटो दोरीवरून उतरवला तेव्हा मी नीट बघितला. पाणी छान आलंय, पण डाव्या बाजूने वाऱ्याने एक फांदी आत येऊन वरचा निम्मा धबधबा पुसून गेलीय. एरवी असा फोटो यांनी क्षणभर ठेवला नसता, फांदी डोलायला लागली की वारा पडेपर्यंत तासभर खोळंबून राहणारा माणूस. हा मात्र फ्रेम करायला काढून ठेवला होता. मी फांदीवर बोट ठेवलं आणि ओठांनीच विचारलं, एवढी मोठी फांदी दिसली नाही का हो?

"नाही," म्हणाले. "मी तुझ्याकडे बघत होतो."