खाटेशेजारची खुर्ची

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्चीसाठी माणसे भांडतात, असे तुम्ही मोठ्यांच्या तोंडून ऐकले असेल. ती खुर्ची वेगळी. मी दवाखान्यात, रुग्णाच्या खाटेशेजारी उभी असते. माझ्यासाठी आजवर कोणी भांडले नाही. माझ्यासारख्या खुर्चीवर बसायला माणूस मिळत नाही, हेच तर माझे दुःख आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. वेल्डरने नळ्या वाकवून माझे पाय जोडले, सुताराने फळी ठोकली. रंग वाळल्यावर वेल्डर मुद्दाम धपकन माझ्यावर बसला आणि म्हणाला, "जरासुद्धा कुरकुरत नाही. पाठवा दवाखान्यात." सुतार म्हणाला, "बरंय, तिथं कुरकुरायला माणसं आहेतच." त्या दोघांचे ते हसणे मला फार आवडले होते.

दवाखान्यात मला दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या वॉर्डात ठेवले. शेजारच्या खाटेवर ड्रायव्हर आजोबा होते. त्यांनी उभा जन्म बस चालवली होती. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. त्यांची मुलगी दूरच्या शहरात नोकरी करायची. रोज तिचा फोन यायचा, "सिस्टर, बाबा जेवले का?" सिस्टर एकटी आणि वॉर्ड सगळा भरलेला. ती बिचारी धावता धावता जमेल तेवढे घास भरवायची.

मग एके दिवशी सलूनवाले काका आले. दुकान बंद असते त्या दिवशी ते रुग्णांची दाढी फुकट करून द्यायचे. आजोबांच्या गालाला साबण लावताना त्यांना कोपऱ्यातले ताट दिसले. ते जसेच्या तसे होते.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारले.

"आजोबांचंच," सिस्टर म्हणाली. "एकेक घास गिळायला त्यांना फार वेळ लागतो हो. घाई केली की ठसका लागतो. आणि माझे हात दोनच."

काकांनी वस्तरा पुसून ठेवला, मला जवळ ओढले आणि चमचा हातात घेतला. त्या दिवसापासून ते रोज दुपारी येऊ लागले. "नाहीतरी दुपारी दुकानात माशाच मारत बसतो," असे म्हणायचे. घास भरवताना त्यांची बडबड चालू असायची. "आजोबा, एकदा तुमच्या बसमागं जीव तोडून धावलो होतो. थांबला नाहीत. आता बघा, मी कसा तुमच्यासाठी थांबलोय." आजोबांचा अर्धाच ओठ हलायचा, पण ते हसायचे. गाल जरा भरले. मुलीचा फोन आला की सिस्टर न अडखळता सांगायची, "हो, जेवले."

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस. सिस्टर येता-जाता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "ही खुर्ची भरलेली दिसली की माझा जीव भांड्यात पडतो."

पुढे काकांची बायको घरात पाय घसरून पडली. कमरेचे हाड मोडले. काका निरोप घ्यायला आले तेव्हा उभेच राहिले. "आता घरीच एक खाट झाली, सिस्टर," ते म्हणाले. "येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं. सगळे म्हणतात, काम चांगलं आहे. पण कुणी येतो म्हणत नाही." आजोबांनी डाव्या हाताने त्यांची बाही धरली होती. काकांनी ती बोटे हळूच सोडवली आणि मान खाली घालून ते निघून गेले.

नंतर एक गृहस्थ आले. चार दिवस बसले आणि दिसेनासे झाले. मग कोणीच आले नाही. आता आजोबांचे ताट माझ्यावरच ठेवले जाऊ लागले. माझी बैठक खाटेहून खाली. आजोबा डावा हात लांबवायचे. चमचा निसटून खाली पडायचा, आणि ते छताकडे बघत राहायचे. ताटे उचलणारी बाई म्हणायची, "आजोबांना भूक नाही वाटतं." त्यांना भूक आहे, हे मला ओरडून सांगावेसे वाटे. पण खुर्चीला तोंड कुठे असते?

सिस्टर येई, दोन घास भरवी, तोवर पलीकडून कोणीतरी हाक मारी. आजोबा वाळत गेले. छातीत कफ साठला. आणि एका दुपारी, सिस्टर दुसऱ्या खाटेपाशी असताना, ते गेले. माझ्यावरचे जेवण गार झाले होते.

संध्याकाळी मुलगी आली. ती पहिल्यांदाच माझ्यावर बसली.

"शेवटी जवळ कोण होतं?" तिने विचारले.

सिस्टर खोटे बोलू शकली असती. ती म्हणाली, "कोणी नव्हतं, ताई. मी पलीकडं होते."

मुलगी म्हणाली, "मला वाटायचं, दवाखान्यात आहेत म्हणजे जवळ माणसं आहेतच." ती सिस्टरवर रागावली नाही. तिने रिकाम्या खाटेवरची चादर सारखी केली. तेवढेच करायचे राहिले होते.

मला वाटले, ही आता पुन्हा यायची नाही. पण काही महिन्यांनी ती आली. बदली करून घेऊन ती याच शहरात राहायला आली होती. आजोबांच्या खाटेवर आता एक म्हातारी होती, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मुलीने माझ्यावरचे ताट उचलले आणि ती बसली.

म्हातारी वळली. "चुकलीस बाई. माझ्याकडं कुणी येत नाही. कुणाकडं आलीस?"

"तुमच्याकडंच आले," मुलगी म्हणाली.

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिले. मग घासासाठी तोंड उघडले.

मित्रांनो, या वॉर्डात खाटा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक खाटेशेजारी माझी एक बहीण उभी आहे. माझ्यावर कोणी बसले, म्हणून मी सुखी आहे असे समजू नका. मला इथून त्या सगळ्या दिसतात. कोणावर ताट आहे, कोणावर औषधाच्या बाटल्या. तुम्ही लहान असाल तर घरातल्या मोठ्यांना माझी ही हकिकत सांगा. त्यांना डॉक्टर व्हायला नको, पैसे आणायला नको. दुपारी थोडा वेळ यावे, ताट उचलावे आणि बसावे. मात्र पुढच्या महिन्यात येऊ, असे म्हणू नये. इथे जेवण आज वाढलेले आहे.