बीजेच्या दोन कोरी

दचकू नका, शोकेसवरून मीच बोलतोय. सबनिसांचा फिल्मचा कॅमेरा. मुक्काम बेहाला, कोलकाता.

माझ्या कपाळाला दोन खिडक्या आहेत. समोरचा माणूस दोन्हींतून दिसतो, पण किंचित वेगवेगळ्या जागी. म्हणून डोळा लावलात की मधल्या पिवळसर चौकोनात तो जोडीने उभा असतो. पुढची कडी फिरवत न्यायची, तिच्याबरोबर भिंगही सरकतं, आणि दोघांचा एक झाला की समजायचं, अंतर बरोबर लागलं. याला रेंजफाइंडर म्हणतात. हल्लीच्या मोबाईलला हे सगळं आपोआप जमतं म्हणे. जमू दे बापड्याला.

गुरुदत्त सबनीस सरकारी नोकरीत बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी मला घेतलं. त्यांना डोंगर, नदी, सूर्यास्त यांचं कौतुक नव्हतं. माणसं हवीत, तीही हाताच्या अंतरावरची. त्यातही पाडव्याला गुढीशेजारी पत्नीचा, लीनाबाईंचा, एक फोटो ठरलेला. त्या दिवशी मला साखरेची गाठी घालत. सांगायला लाज कशाला, मी भलताच फुगत असे.

मग एकदा सियालदह स्टेशनच्या गर्दीत माझा पट्टा तुटला आणि मी फलाटावर आदळलो. गुरुदत्तांनी मला उचललं, कानाशी धरून हलवलं, बटण दाबलं. खटकन आवाज आला. "काही झालं नाही," ते म्हणाले. वरून खरंच ओरखडाही नव्हता.

पण तेव्हापासून फोटो बिघडले. मागची भिंत लख्ख आणि लीनाबाई धुक्यात! चौकोनात तर चेहरा नीट जुळलेला असे. म्हणजे चूक बघणाऱ्याचीच, असं गुरुदत्तांनी ठरवून टाकलं. माणसांची ही खोड मी पुष्कळ पाहिली आहे. साठी उलटली की काहीही बिघडो, आधी स्वतःलाच नावं ठेवतात.

त्यांनी मोतीबिंदू काढला, चष्मा बदलला. फोटो तसेच. "आता या नजरेवर भरवसा नाही," म्हणाले आणि मला डांबरगोळ्यांच्या सोबतीला कपाटात ठेवून दिलं. नुसता मीच सुटलो असं नाही. पुढे त्यांनी स्कूटर सोडली, मग एकट्याने रस्ता ओलांडणं सोडलं. कोपऱ्यावर मासळी आणायला जायचं तरी लीनाबाईंचा हात. हे सगळं मला कपाटाच्या फटीतून ऐकू यायचं आणि जीव तुटायचा.

त्यांची मुलगी ऋता इथेच जन्मली, इथल्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. भांडण मराठीत सुरू करते आणि बंगालीत संपवते. यंदाच्या पाडव्याला तिने मला बाहेर काढलं, काचांवरची बुरशी पुसली, आरसे साफ केले आणि गच्चीवरून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर मला रोखलं. कडी फिरवली, दोन टाक्यांची एक झाली.

"बाबा, हा तर एकदम ठीक आहे!"

"मग माझे डोळेच," गुरुदत्त म्हणाले आणि जिना उतरून गेले. ऋताचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी चैत्रातली बीज. कोलकात्यात एवढी वर्षं काढूनही लीनाबाईंनी बीजेच्या कोरीला दशी, पदराचा एक धागा, वाहणं सोडलेलं नाही. दिवस मावळला तशी सगळी गच्चीवर आली. मावळतीला, बजबज गावाच्या अंगाला, नारळाच्या झावळ्यांवर नखाएवढी कोर होती. लीनाबाईंनी पदराची एक दशी ओढली, चंद्राकडे टाकली आणि हात जोडले. "जुनं घे, नवं दे."

मी जुनाच. मला वाटलं, आता माझीच पाळी.

ऋताने मला वडिलांच्या हातात दिलं. "बघा तरी, बाबा."

गुरुदत्तांनी नाइलाजाने डोळा लावला आणि कडी पार शेवटपर्यंत, सगळ्यांत लांबच्या खुणेपर्यंत नेली. त्यापुढे ती जातच नाही.

काय सांगू तुम्हाला! मला आजवर कोणी एवढं लांबचं दाखवलंच नव्हतं. माझी सगळी दुनिया हाताच्या अंतराची. ती कोर माझ्या खिडक्यांतून आत आली आणि मी जागच्या जागी थिजलो. जिथे सगळी मापं संपतात तिथून ती आली होती, आणि तरी माझ्या या एवढ्याशा चौकोनात मावली होती.

फक्त, त्या दोन होत्या.

"दोन दिसतात," गुरुदत्त पुटपुटले. "बघ, म्हटलं नव्हतं? डोळे गेले माझे."

"कॅमेरा बाजूला करा. आता किती?"

त्यांनी वर पाहिलं. पाहतच राहिले. "एक."

"मग दोन कोणाला दिसतात, बाबा?"

गुरुदत्तांनी मला उलटसुलट करून पाहिलं, नव्याने ओळख झाल्यासारखं. "अगं, जवळचं बघताना मी कडी फिरवून जुळवून घेत होतो, म्हणून याच्या आतली चूक कळलीच नाही," ते हळूच म्हणाले. "लांबचं कधी पाहिलंच नाही."

ऋता धावत जाऊन बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. कोर झावळ्यांकडे उतरत होती. तिने माझ्या माथ्यावरचं झाकण काढलं. स्क्रू तिच्या हातात, पण माप गुरुदत्तांच्या डोळ्यांत.

"फिरव. अजून. अगं, उलटं गेलं! हं, आता जरासं... थांब!"

दोन कोरी सरकत सरकत एकीत एक मिसळल्या. माझ्या आत कुठेतरी शांत झालं. गुरुदत्त मला डोळ्यापासून काढेचनात. चष्म्याआडून पाणी ओघळून माझ्या पाठीवर आलं. कॅमेऱ्याला ओल वाईट, पण मी चकार शब्द काढला नाही.

सकाळी त्यांनी लीनाबाईंना गच्चीत उभं केलं. फिल्म संपली, तेव्हा ती धुवायला टाकण्यासाठी ट्रामडेपोपलीकडच्या दुकानात ते एकटे गेले. रस्ता एकट्याने ओलांडून.

फोटो आले. पापणीन् पापणी मोजून घ्यावी. लीनाबाईंनी नाक मुरडलं. "अगं बाई, सगळ्या सुरकुत्या आल्या की! एवढी वर्षं मी अशी दिसत होते?"

"मला कायम अशीच दिसत होतीस," गुरुदत्त म्हणाले. "यालाच दिसत नव्हतीस."

आता मी शोकेसवर असतो, हाताला येईल असा. मागणं एकच आहे. जवळचं माणूस धूसर दिसायला लागलं तर लगेच स्वतःच्या डोळ्यांना दोष देऊ नका आणि मला कपाटात टाकू नका. एकदा गच्चीवर न्या, चंद्र दाखवा.