बुराईकाठची सही

मित्रांनो, मी एक म्हातारी कोळीण आहे. शिंदखेड्याजवळ, बुराई नदीच्या काठच्या लव्हाळ्यात माझं घर होतं. आमचं आयुष्य ते केवढं! कापूस वेचणीला आला की आम्ही म्हाताऱ्या होतो.

माझ्या पोटावर पिवळे पट्टे आहेत. पाय दोन-दोन जोडून मी फुलीसारखी बसते. जाळ्याच्या मधोमध जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी रेघ ओढते. शेतातले टोळ आणि माश्या खाऊन मी जगले. माणसाला कधी शिवले नाही.

दिवाळीआधी मी लव्हाळ्याला अंड्यांची पिशवी बांधली. त्याच आठवड्यात इथे गवत कापणाऱ्या लताबाईच्या कपाळावर फोड उठले. डाव्या डोळ्यापर्यंत आग होऊ लागली. तिचे चुलते झुलाल आबा तिला घेऊन काठावर आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले,

"हाऊ देख, जाळामा बशेल शे. हाऊच मुतना तुना आंगवर!"

लताबाईची भाची ज्योत्स्ना धुळ्याला कॉलेजात शिकते. ती वाकून माझी रेघ बघत म्हणाली, "आबा, हाई त्यानी सही शे. हाऊ कोळी कोनले काही करस नही. मावशीले नागीन व्हयेल शे. डोयाजोडे शे, आजच दवाखानामा चाला."

"सही करस? मंग मनापेक्षा शिकेल शे! मी त आंगठा लावस."

सगळे हसले. लताबाईही हसली. मग तिच्या कपाळाला गेरूचा लेप लागला आणि लव्हाळ्याला काडी.

मी पाण्यात पडले, म्हणून वाचले. पिशवी उंच होती, ती जळाली. पुरापासून वाचावी म्हणून मीच ती उंच बांधली होती.

लताबाईला दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिचा डावा डोळा गेला.

परवा ती आबांबरोबर नदीवर आली. जळक्या बुंध्यावर मी नवं जाळं विणलं आहे. आबांनी काठी उचलली. तिने त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, आबा. आपन इनं घर जाळी टाकं, तरी मना डोया गयाच ना?"

आबांनी काठी खाली ठेवली.

मित्रांनो, आता पोटात अंडी नाहीत. पुढच्या पावसाळ्यात या काठावर माझं कुणी नसेल. तुमच्या बांधावर अशी पांढरी रेघ दिसली, तर काडी ओढण्याआधी ती वाचा. मी कुणाला काही करत नाही, रोज तेवढंच लिहिते.