चौथं बटण

लाल पाटी आली तेव्हा आई संगणकासमोर बसलेली होती आणि लेक स्वयंपाकघरात भांडी आवरत होती.

"अगं, इकडे ये. हा काहीतरी संपलं म्हणतोय."

"काय संपलं?"

"मला काय माहीत! तूच बघ. वाचायची हौस तुला."

लेक हात पुसत आली. पडद्याच्या मधोमध पाटी होती: तुमचं संरक्षण संपलं आहे, संगणक धोक्यात आहे, आजच नूतनीकरण करा. पाटीच्या मागे बाबांची चार मोठाली बटणं अर्धवट झाकली गेली होती. आईने पाटीवर बोट दाबून पाहिलं होतं. पाटी जाईना म्हणून ती खुर्चीत मागे सरकून बसली होती, पायाशी अनोळखी कुत्रा आल्यासारखी.

"काही नाही गं. अँटिव्हायरसची मुदत संपली. मी बघते."

"यांना विचार ना. यांना माहीत असेल."

लेकीने कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून पाटी घालवली. तासाभरात ती परत आली.

बाबांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. अडकलेल्या माणसाला दोनच गोष्टी लागतात असं ते म्हणायचे, दाबायला एक बटण आणि पलीकडून कुणीतरी दिलेलं उत्तर. लिफ्ट नंतर चालू झाली तरी चालेल. निवृत्त झाल्यावर त्यांनी लेकीला तिच्या ग्रंथालयातून प्रोग्रॅमिंगची पुस्तकं आणायला लावली आणि ती शाळकरी पोरासारखी खाली रेघा मारून वाचली. लेक ग्रंथपाल. पुस्तकावर रेघा बघून तिचा जीव जायचा. पण आईची आठवण विरायला लागली, आणि एकदा ती संगणकात भलतीकडेच जाऊन पोहोचली, परतीची वाट सापडेना म्हणून रडली, तेव्हा बाबांनी त्या रेघांचं काय केलं ते कळलं. त्यांनी संपूर्ण पडदा व्यापणारं एक पान बनवलं. पानावर चार बटणं. आज वार कोणता. लेकीला फोन. गाणी. आणि चौथं, आईच्याच शब्दांत: हे कुठे गेले?

ते त्यांनी बाजारात जाताना उपयोगी पडावं म्हणून केलेलं. पुढे दवाखान्यात जातानाही पडलं. आईने दाबलं की पडदाभर मोठ्या अक्षरांत उत्तर यायचं. "बाहेर गेलोय. वाट बघत बसू नकोस, जेवून घे. आणि भाजी ताटात ठेवू नकोस, मला कळतं." पुन्हा दाबलं की वेगळंच काही. एकच उत्तर लागोपाठ दोनदा येत नसे. आई वाचायची, "चावट मेला," म्हणायची आणि ताट वाढून घ्यायची.

हे ताट वाढून घेणं साधं नव्हतं. बाबांच्या पाळ्यांच्या नोकरीत आईला एक सवय जडली होती, ते आल्याशिवाय ती जेवत नसे. आठवण गेली, सवय तेवढी राहिली.

बाबा गेल्यावर लेक या घरात राहायला आली. सुरुवातीला आईने विचारलं की ती खरं सांगायची. शेजारी बसून, हात हातात घेऊन. आई कोसळायची. संध्याकाळी पुन्हा विचारायची आणि पुन्हा कोसळायची, बातमी तीच आणि दर वेळी कोरी करकरीत. मग एका दुपारी लेकीने तोंड उघडायच्या आत आईने चौथं बटण दाबलं, वाचलं, हसली आणि जेवायला बसली. लेक गप्प राहिली. त्या दिवसापासून ती गप्पच राहत आली होती. आई बटण दाबायला लागली की ती दुसऱ्या खोलीत जायची. त्यामुळे बाबांची उत्तरं तिने वाचली होती ती जेमतेम तीन-चार. एकूण किती असतील कुणास ठाऊक. मन थाऱ्यावर आलं की एकदा बसून सगळी वाचायची असं तिने ठरवून ठेवलं होतं. तशी काही पुस्तकंही तिने वेगळी काढून ठेवलेली असत.

नूतनीकरण करायला ती बसली खरी, पण पहिल्याच पायरीवर अडली. खातं बाबांच्या नावाचं, आणि सांकेतिक आकडा जाणार बाबांच्या फोनवर. तो नंबर तिनेच रांगेत उभं राहून बंद करून घेतला होता. तिथल्या माणसाने नमुना सही मागितली तेव्हा तिने ती एका झटक्यात केली होती, याचं तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

तिने परगावच्या भावाला फोन लावला.

"दादा, जुनं चालू होत नाहीये. नवीन घ्यावं लागेल. कुठलं घेऊ?"

"फुकटचं टाक एखादं. सगळे सारखेच."

"आणि काही झालं तर?"

"काय होणार? आईच्या संगणकात कोण चोर शिरणार आहे, जुनी गाणी पळवायला?"

"मग तू येऊन बस इथे."

"टोमणा नको मारूस गं."

"मारत नाहीये. सांगतेय."

"बरं, चांगलं घे तर. तू वाचून घेशील, मला माहितेय."

तिने वाचलं. मिळेल ते परीक्षण वाचलं. प्रत्येक यादीत पहिला क्रमांक निराळ्याच कंपनीचा. एकाला जे हलकंफुलकं वाटलं त्याने दुसऱ्याचा संगणक गोगलगाय होऊन बसला होता. एक जण पाच यंत्रं सांभाळायला तयार होता, दुसरा मुलं काय बघतात त्यावर नजर ठेवणार होता. एका घरात एकच यंत्र आहे, एकच म्हातारी आहे आणि तिच्यासमोर लाल पाटी येता कामा नये, एवढंच मागणं असलेल्या माणसासाठी कुणी काही लिहिलं नव्हतं. शेवटी एका ठिकाणी तिला वाक्य सापडलं: कडक बंदोबस्त, पण गुपचूप काम करतो, सूचनांनी त्रास देत नाही. तिने तोच घेतला. सूचना देत नाही म्हणून घेतला.

शनिवारी दुपारी आई झोपली असताना ती कामाला लागली. बाबांनी शिकवून ठेवलेल्या तीन कळा एकत्र दाबून तिने चार बटणांचं पान बंद केलं. नव्या अँटिव्हायरसने सांगितलं, आधीचा काढा. तिने काढला. जुन्याने जाताजाता विचारलं, तुम्ही केलेल्या नोंदीही पुसायच्या का? तिला अर्धवट काम आवडत नसे. पुसून टाक, म्हणाली.

मग नवा घर तपासायला निघाला. हिरवी रेघ हळूहळू पुढे सरकत होती. बाबांचा पेनड्राइव्ह संगणकाच्या मागे कायम खोचलेला असायचा, तोही त्याने धुंडाळला. लेक गालाला हात लावून बघत बसली. बऱ्याच दिवसांत घरातलं एखादं काम तिच्या हातून सरळ पार पडत होतं.

रेघ संपली आणि पाटी आली. धोका आढळला, दोन ठिकाणी. नाव: चौकट७. हा प्रोग्रॅम संपूर्ण पडदा ताब्यात घेतो, कळा अडवतो, वापरणाऱ्याला बाहेर पडू देत नाही. खंडणीखोर असे प्रोग्रॅम वापरतात. अलग ठेवायचा की कायमचा काढायचा?

म्हणजे शिरलंच होतं कुणीतरी. संरक्षण संपलं तेव्हा आपण फुलीवर फुली दाबत बसलो, आणि आई त्या पडद्यावर बोट ठेवत होती. अलग ठेवायचा म्हणजे घरातच ठेवायचा. तिने 'कायमचा' दाबलं. खात्री आहे का? आहे.

हिरवी खूण उमटली. तुमचा संगणक सुरक्षित आहे.

संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. निळ्या पडद्यावर बारीकसारीक चित्रं आली. पान उघडायची ती वाट पाहत बसली. तिच्या लेखी ते 'बाबांचं पान' होतं. त्याला काही नाव असेल, आणि ते बाबांनी ठेवलं असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आलं तेव्हा तिने ताडकन उठून मागचा पेनड्राइव्ह उपसला. जसा आगीतून काही काढावा तसा. त्यातल्या प्रतीचंही काही उरलं नव्हतं.

कंपनीच्या मदतकक्षाशी लिहून बोलता येत होतं. पलीकडच्याने लिहिलं, 'आपल्या भावना समजू शकतो. कायमची काढलेली फाइल परत आणता येत नाही. आपल्या शंकेचं समाधान झालं का?'

तिने 'नाही' लिहिलं.

'धन्यवाद. आपला दिवस आनंदात जावो.'

मग कोपऱ्यावरचा संगणक दुकानदार आला. हा संगणक त्याच्याकडचाच होता. बाबा त्याच्या दुकानात तासन्‌तास बसायचे, चहा त्याचा आणि बोलणं बाबांचं. त्याने निमूटपणे बराच वेळ खटपट केली.

"ताई, जुन्याला काकांनी सांगून ठेवलं होतं, की हा आपलाच आहे, याला हात लावू नको. माझ्यासमोरच सांगितलं होतं. ती नोंद जुन्याबरोबर गेली. नव्याला काय कळणार? त्याने घरचाच माणूस चोर म्हणून धरला."

"परत आणता येईल का?"

"तुकडे दिसतायत. पण तुकड्यांनी काही चालत नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "बटणं मी देईन करून. चारच काय, आठ देईन. पण आतलं लिहिलेलं काकांचं होतं ना."

"कुणाशी बोलतोयस रे?" आई उठून दारात उभी होती.

"तुमच्याशीच, काकू. येतो मी." तो पटकन चपला घालून निघून गेला. पैशाचं नावही त्याने काढलं नाही.

आई येऊन खुर्चीत बसली. उजवीकडे खाली, जिथे चौथं बटण असायचं, तिथे तिने बोट टेकवलं. निळा पडदा जागचा हलला नाही. तिने जरा जोर देऊन पुन्हा दाबलं.

"हे कुठे गेले गं?"

"बाहेर गेलेत."

"तुला सांगून गेले?"

"हो."

"मला नाही सांगितलं." तिने आणखी एकदा दाबलं. "मला सांगितल्याशिवाय जात नाहीत."

"तू झोपली होतीस. आई, दुपार उलटून गेली, चल जेवायला."

"येऊ देत की त्यांना."

लेकीने आईला बाजूच्या खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर कोरं पान उघडून सगळ्यात मोठी अक्षरं निवडली. बाहेर गेलोय. वाट बघत बसू नकोस, जेवून घे. टंकताना तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. आईने वाचलं. चेहरा जरासा सैलावला. मग तिने ओळीवर बोट ठेवून दाबलं, पुढचं ऐकायला. ओळ तशीच राहिली. पुन्हा दाबलं.

"हे काय एकच एक लावलंय? यांचं असं नसतं."

"मग कसं असतं? तू सांग ना. काय काय म्हणतात ते?"

आईने विचार केला. लेक तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"ते काय बाई मला पाठ आहे होय?" आई म्हणाली. "विचारलं की सांगतात."

आणि ती हात मांडीवर ठेवून दाराकडे तोंड करून बसली. जबरदस्ती केली असती तर ती रडली असती. खरं सांगितलं असतं तर त्याहून रडली असती. सकाळची गोळी रिकाम्या पोटी जाऊन बसलेली होती. लेक स्वयंपाकघरात गेली, गार झालेलं जेवण गरम केलं आणि एक ताट, दोन चमचे घेऊन आली. ताट तिने स्वतःपुढे ठेवलं.

"तू जेव," आई म्हणाली. "तुला भूक लागली असेल. मी थांबते."

लेकीने एक घास खाल्ला. कशाचीच चव लागत नव्हती.

"आई, मीठ बरोबर आहे का बघ ना जरा. मला अंदाज येत नाहीये."

"एवढी पुस्तकं वाचलीस, मिठाचा अंदाज येत नाही?" आईने चमचा घेतला, टोकावर इवलंसं घेऊन जिभेला लावलं. जिभेवर घोळवलं. "कमी आहे किंचित."

लेकीने चिमूटभर टाकलं. "आता?"

"आता बरंय."

"नुसतं कसं कळेल? भातावर घालून बघ."

आईने भातावर घालून बघितलं. भात जरा फडफडीत झालाय का, लेकीने विचारलं. मग तिखट, मग आमटी पातळ झाली का. आई परीक्षकाच्या ऐटीत एकेक चमचा खात होती आणि नावं ठेवत होती. ताट अर्ध्यावर आलं तशी ती थबकली.

"अगं, मी जेवतेय की काय?"

"नाही. चव बघतेयस."

"हां." तिने दाराकडे पाहिलं आणि आणखी एक चमचा घेतला. भाजी मात्र तिने बोटाने ताटाच्या कडेला सारली. "ही नको मला."

"भाजी ताटात ठेवू नकोस," लेक म्हणाली. तिने तिथेच थांबायला हवं होतं. "मला कळतं."

आईचा चमचा हवेतच राहिला. ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली, मग निळ्या पडद्याकडे, मग पुन्हा लेकीकडे. ती हसेल असं एक क्षण वाटलं.

"हे कुठे गेले गं?" तिने विचारलं.

लेकीने मिठाची वाटी ओढली आणि आणखी चिमूटभर मीठ ताटात टाकलं.

"आता बघ बरं," ती म्हणाली.